नुसत्या ठेवलेल्या बिटकॉइनलाही वीज लागते

पत्र:

ताई, लग्नाला चार वर्षं झाली. आम्ही दोघंही नोकरी करतो, बचत एकत्र आहे. गेली दोन वर्षं नवरा दर महिन्याला त्यातले काही पैसे बिटकॉइनमध्ये टाकतोय. आता आमच्या बचतीचा जवळपास पाचवा हिस्सा तिथे आहे. सुट्टीच्या दिवशी मी नदीसाठी काम करणाऱ्या एका गटाबरोबर असते. तिथे कुणीतरी बिटकॉइनला लागणाऱ्या विजेचा विषय काढला आणि तेव्हापासून मला चैन नाही. घरी बोलायला गेलं की वाद होतो. तो म्हणतो, "ज्यांना बँक उभं करत नाही त्या गरिबांचा हा पैसा आहे. आणि मी कुठे रोज व्यवहार करतो? नुसतं ठेवलंय. माझ्यामुळे कुठली वीज जळते?" मला उत्तर देता येत नाही. आता एक जुनं मायनिंगचं, म्हणजे नवी बिटकॉइन मिळवायचं, यंत्र घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. छतावर सोलर पॅनल आहेत, म्हणजे पर्यावरणाचा प्रश्नच मिटला, असं त्याचं म्हणणं. आमच्यात बरोबर कोण? आहे ते विकावं का? आणि विकून खरंच काही फरक पडतो का?

— एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

आधी त्या यंत्राचं बोलू. ते अजून घरात आलेलं नाही, त्यामुळे निदान हा निर्णय आजच होऊ शकतो. घेऊ नका.

जुनी म्हणून विकायला निघणारी बरीचशी यंत्रं २०२०च्या आसपासची असतात. त्यातलं अँटमायनर एस१९ प्रो हे नाव तुमच्या नवऱ्याला माहीत असेलच. ते चालताना ३,२५० वॅट वीज घेतं. यंत्र अर्धा दिवस बंद ठेवलं तर घातलेला पैसा वसूल होत नाही, म्हणून चोवीस तास धरू: दिवसाला ७८ युनिट. छतावरचे ३ किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी १२ ते १५ युनिट देतात. उरलेली साठाहून अधिक युनिटं ग्रिडमधूनच येणार, आणि रात्रीची तर सगळीच. सोलरचा मुद्दा इथेच निकालात निघतो. शिवाय पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या घरात असतो, तोही अहोरात्र, आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत पसरते.

आता त्यातून मिळतं काय ते बघा. हे यंत्र सेकंदाला ११० लाख कोटी वेळा एक गणित करून पाहतं. आकडा प्रचंड वाटतो, पण जगभरातल्या सगळ्या मायनिंग यंत्रांची मिळून ताकद २०२५ मध्ये एक झेटाहॅशच्या (सेकंदाला कोटी × कोटी × कोटी वेळा) आसपास गेली. त्या हिशेबाने तुमचं यंत्र म्हणजे सुमारे ९० लाखांतला एक वाटा. एकट्याने चालवलं तर एक ब्लॉक, म्हणजे एकदा बक्षीस, हाती लागायला सरासरी १७० वर्षं लागतील. म्हणून लोक पूलमध्ये, म्हणजे यंत्रांची ताकद एकत्र करणाऱ्या गटात, सामील होतात आणि आपल्या वाट्याचं रोज थोडं थोडं घेतात. एका बिटकॉइनची किंमत १ लाख डॉलर धरली, तरी तो वाटा दिवसाला ५ डॉलरच्या आसपास येतो. त्यासाठी ७८ युनिट. म्हणजे युनिटमागे सहा-साडेसहा सेंट. घरगुती विजेचा दर बहुतेक ठिकाणी याहून जास्त असतो. ज्यांना याहून स्वस्त वीज मिळते आणि ज्यांच्याकडे नवी यंत्रं आहेत त्यांनीच ही जुनी यंत्रं बाहेर काढली आहेत. ती यंत्रं ह्या एका गणिताशिवाय दुसरं काहीच करू शकत नाहीत, म्हणून कमाई थांबली की त्यांचा थेट ई-कचरा होतो. २०२१ मधल्या एका अभ्यासाने हा कचरा वर्षाला सुमारे ३० हजार टन असावा असा अंदाज केला होता. मायनिंग कंपन्यांना तो मान्य नाही. बरीच यंत्रं पुन्हा विकली जातात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. तशाच एका विक्रीचं गिऱ्हाईक तुमच्या घरात तयार होतंय.

हे गणित नेमकं काय असतं ते समजून घ्या, कारण तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. साधारण दर दहा मिनिटांनी बिटकॉइनच्या खात्यात व्यवहारांचं एक नवं पान जोडलं जातं. पान कोण जोडणार हे ठरवण्यासाठी जगभरातली यंत्रं एक आकडा शोधत असतात. त्याला कुठलं सूत्र नाही, नुसता अंदाज घालत राहायचं. ज्याला आधी सापडला तो पान जोडतो आणि बक्षीस घेतो. २००९ मध्ये हे बक्षीस ५० बिटकॉइन होतं, दर चार वर्षांनी ते निम्मं होतं, एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. दिवसाला १४४ पानं, म्हणजे रोज ४५० नवी बिटकॉइन.

आता खरी मेख. यंत्रं दुप्पट झाली तर बिटकॉइन दुप्पट निघत नाहीत. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ते गणित आपोआप त्याच प्रमाणात अवघड होतं आणि दहा मिनिटांचा वेग कायम राहतो. सोडतीचं बक्षीस ठरलेलं आणि तिकिटं मात्र कितीही काढायची मुभा, असा हा प्रकार आहे. प्रत्येकाने दहापट तिकिटं काढली तर खर्च दहापट होतो, बक्षीस तेवढंच राहतं. मग लोक किती तिकिटं काढतील? बक्षिसाच्या किमतीइतका खर्च होईपर्यंत काढत राहतील. एका बिटकॉइनची किंमत १ लाख डॉलर असेल तर रोजचं बक्षीस ४.५ कोटी डॉलरचं. जगभरचे मायनर मिळून वीज आणि यंत्रांवर साधारण तेवढा खर्च करायला तयार असतात. किंमत दुप्पट झाली तर काल तोट्यात असलेलं यंत्र आज फायद्यात येतं आणि पुन्हा चालू होतं. किंमत पडली की बंद होतं.

त्यामुळे "नुसतं ठेवलंय, व्यवहार कुठे करतो" ह्याला अर्थ उरत नाही. दिवसाला तीन लाख व्यवहार होवोत की पाच लाख, वीज जवळपास तेवढीच जळते. तिचा संबंध व्यवहारांशी नाही, किमतीशी आहे. आणि किंमत टिकते कुणामुळे? विकत घेऊन ठेवणाऱ्यांमुळे. रोज निघणारी ४५० बिटकॉइन कुणीतरी घ्यावी लागतात. त्यातली बरीचशी विकूनच मायनर विजेचं बिल भरतात. तुमच्या घरातून दर महिन्याला होणारी खरेदी, कितीही लहान असली तरी, त्या बिलाला हातभार लावते.

(याच कारणाने, "एका व्यवहाराला अमुक इतकी वीज, त्यात एक घर महिनाभर चालेल" अशी वाक्यं तुमच्या गटात कुणी वापरत असेल तर ती थांबवायला सांगा. भागाकार बरोबर असतो, पण त्यातून व्यवहार कमी केले की वीज वाचेल असा चुकीचा अर्थ निघतो. समोरच्याला हे ठाऊक असेल तर तो तुमचं बाकीचं खरं म्हणणंही ऐकणार नाही.)

वीज एकूण किती? यावर सगळ्यात काळजीपूर्वक काम केंब्रिज विद्यापीठातल्या एका केंद्राने केलं आहे. त्यांच्या एप्रिल २०२५च्या अहवालात बिटकॉइन मायनिंगची वर्षाची वीज १३८ टेरावॅट-तास म्हटली आहे. आपल्या भाषेत १३,८०० कोटी युनिट, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या अर्धा टक्का. त्यातून वर्षाला सुमारे ४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण एखाद्या मध्यम आकाराच्या देशाला वर्षभर पुरेल इतकी ही वीज आहे. दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही सांगितली पाहिजे. २०१७ च्या अखेरीस एका मोठ्या साप्ताहिकाने २०२० पर्यंत बिटकॉइन जगातली सगळी ऊर्जा खाऊन टाकेल असा मथळा दिला होता. २०१८ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेल्या एका लेखाने एकटं बिटकॉइन पृथ्वीचं तापमान दोन अंशांपलीकडे नेऊ शकतं असं म्हटलं, आणि इतर संशोधकांनी त्यातली गृहीतकं खोडून काढली. असले दावे करायची गरजच नाही. ४ कोटी टन पुरेसे आहेत.

ही वीज येते कुठून, यावर तुमचं भांडण होणारच. नवरा म्हणेल, निम्म्याहून जास्त मायनिंग स्वच्छ विजेवर चालतं. त्याच केंब्रिज अहवालात ५२.४ टक्के असा आकडा आहे, त्यात अणुऊर्जाही धरलेली आहे. हा आकडा मायनिंग कंपन्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून काढलेला आहे, आणि उत्तरं देणाऱ्या कंपन्या जगातल्या निम्म्या मायनिंगलाही व्यापत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २०२०-२१ या काळाचा अभ्यास केला तेव्हा दोन तृतीयांश वीज जीवाश्म इंधनाची निघाली होती. दोन्ही आकडे आपापल्या काळासाठी बरोबर असू शकतात. मधल्या काळात चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली आणि यंत्रं अमेरिकेत, कझाकस्तानात आणि इतरत्र गेली. कझाकस्तानात त्याच हिवाळ्यात विजेची टंचाई झाली.

तुम्ही पाण्यासाठी काम करता, म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवराची गोष्ट मुद्दाम सांगते. त्याच्या काठावरचं एक कोळशाचं वीजकेंद्र २०११ मध्ये बंद पडलं होतं. ते विकत घेऊन नैसर्गिक वायूवर चालू केलं गेलं आणि पुढे त्यातली वीज बिटकॉइनच्या यंत्रांना देण्यात आली. केंद्र थंड करायला पाणी सरोवरातून घ्यायचं आणि गरम झालेलं पुन्हा तिथेच सोडायचं. गावकऱ्यांनी आणि सरोवरासाठी काम करणाऱ्या गटांनी लढा दिला. २०२२च्या जूनमध्ये राज्याने केंद्राच्या हवेसंबंधीच्या परवान्याला नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये जीवाश्म इंधनावरच्या अशा नव्या मायनिंगला दोन वर्षांची स्थगिती देणारा कायदा आला. कंपनी पुढे कोर्टात गेली, तो भाग लांबलचक आहे. बंद पडलेलं केंद्र पुन्हा धूर सोडायला लागतं ते किमतीमुळे, हे ह्या एका ठिकाणी स्पष्ट दिसतं.

आणि चांगली उदाहरणंही आहेत, ती नाकारू नका. काँगोमधल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाने स्वतःच्या जलविद्युत केंद्रातल्या शिल्लक विजेवर बिटकॉइन काढून संवर्धनासाठी पैसे उभे केले. पर्यटन बंद होतं, दुसरा मार्ग नव्हता. तेलविहिरींवर नुसताच जाळून टाकला जाणारा वायू वापरूनही काही ठिकाणी यंत्रं चालतात. टेक्सासमध्ये ग्रिडवर ताण आला की मायनर यंत्रं बंद करतात. हे ग्रिडच्या सोयीचं आहे, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रायट या मायनिंग कंपनीला वीज न वापरल्याबद्दल ३.१७ कोटी डॉलरचं क्रेडिट (खात्यात जमा) मिळालं. त्या महिन्यात काढलेल्या ३३३ बिटकॉइनच्या किमतीच्या तिपटीहूनही हे जास्त. त्याचा भार शेवटी इतर वीजग्राहकांवर येतो.

इथिओपियाचं उदाहरण मला सगळ्यात अवघड वाटतं. तिथे जलविद्युत आहे, स्वच्छ आहे, मायनर डॉलरमध्ये पैसे देतात आणि देशाला डॉलरची निकड आहे. वीज गावोगाव न्यायला तारा नाहीत, त्या टाकायला पैसे हवेत, तोवर ही वीज विकलेली काय वाईट, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. पण त्याच देशात साधारण निम्म्या लोकांच्या घरी वीज नाही. तारा टाकण्याआधी यंत्रांना वीज मिळाली, आणि ती यंत्रं तिथल्या कुणासाठी काहीच करत नाहीत. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत, आणि माझं मन तारांच्या बाजूने आहे.

आता तुमच्या नवऱ्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते: गरिबांचा पैसा. तो हे मनापासून म्हणत असेल तर त्याचं म्हणणं झिडकारू नका, कारण त्यामागची अडचण खरी आहे. परदेशात राबणारा माणूस घरी २०० डॉलर पाठवतो तेव्हा जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास पैसे वाटेतच जातात. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाईचा दर २०० टक्क्यांवर गेला, तिथे बचत स्थानिक चलनात ठेवणं म्हणजे ती डोळ्यांदेखत विरघळू देणं. नायजेरियात २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, त्यांना मदत करणाऱ्या महिलांच्या गटाच्या बँकखात्याची वाट अडवली गेली, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेऊन काम चालू ठेवलं. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यावर काही दिवसांतच युक्रेनच्या सरकारने क्रिप्टोमध्ये (बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांत) मदत मागितली आणि कोट्यवधी डॉलर जमा झाले. ज्याचं खातं कधी गोठवलं गेलं नाही त्याने ह्याला क्षुल्लक म्हणू नये.

पण मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला तेव्हा काय घडलं? एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला अधिकृत चलन केलं. सरकारी वॉलेट (बिटकॉइन ठेवायचं फोनवरचं अ‍ॅप) उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलर दिले. परदेशातून येणाऱ्या पैशांवर तो देश मोठ्या प्रमाणात चालतो, म्हणजे बिटकॉइनचा उपयोग व्हायचा तर तिथेच व्हायला हवा होता. बहुतेकांनी ते ३० डॉलर घेतले, खर्च केले आणि पुन्हा वॉलेट उघडलं नाही. क्रिप्टो वॉलेटमधून येणारा वाटा बाहेरून येणाऱ्या एकूण पैशांच्या २ टक्क्यांच्याही खाली राहिला. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढून टाकावी लागली. ज्याच्या हातात आठवड्याचे पैसे आहेत त्याला सकाळी शंभर असलेले संध्याकाळी नव्वद झालेले परवडत नाहीत, हे साधं कारण. एकदा पाठवलेले चुकले तर परत मिळत नाहीत, हे दुसरं.

मग अर्जेंटिनातला, नायजेरियातला माणूस आज रोजच्या कामाला काय वापरतो? बहुतांशी स्टेबलकॉइन. म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेले डिजिटल टोकन. आणि हे टोकन मुख्यतः ट्रॉन आणि इथेरियम या जाळ्यांवर फिरतात. त्यांना हे अंदाज घालण्याचं गणित लागत नाही. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती पद्धत सोडली आणि आपलं नाणं तारण ठेवणाऱ्यांनी पानं जोडायची अशी पद्धत घेतली. विजेचा वापर ९९.९ टक्क्यांहून अधिक घटला. जाळं बंद पडलं नाही, कुणाचे पैसे गेले नाहीत. त्या पद्धतीवरही आक्षेप आहे: ज्याच्याकडे जास्त नाणी त्याचं वजन जास्त. पण विजेशिवाय विश्वास उभा राहूच शकत नाही, हा दावा त्या दिवसानंतर तितका ठामपणे करता येत नाही. आणि मुळात गरिबांच्या हाती पैशाची सोय द्यायची तर ब्लॉकचेनच (अशी पानं जोडत जाणारी सामायिक वही) लागते असंही नाही. केनियात एम-पेसा ही पैसे पाठवायची सोय २००७ पासून साध्या फोनवर चालते, ब्राझीलचं पिक्स ही तशीच सोय २०२० मध्ये आली आणि काही वर्षांतच घरोघरी पोचली.

म्हणून तुमच्या "बरोबर कोण" ह्याचं माझं उत्तर असं. विजेच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. गरिबांच्या बाबतीत तो अर्धा बरोबर आहे, पण ते अर्धं त्याने जे विकत घेतलंय त्याला फारसं लागू होत नाही. क्रिप्टोमधला ज्या भागाचा गरजू माणसाला रोज उपयोग होतो त्याला फारशी वीज लागत नाही. ज्या भागाला एका देशाइतकी वीज लागते तो मुख्यतः भाव वाढेल या आशेने ठेवलेला असतो. नायजेरियातल्या त्या मुलींचं उदाहरण देऊन स्वतःच्या बचतीचं समर्थन करणं मला पटत नाही. त्यांना आठवडाभराची वाट हवी होती. तुमच्या घरातली खरेदी किंमत वाढावी म्हणून आहे, आणि तीच किंमत वीज ओढते. नफ्यासाठी ठेवलंय, असं तो सरळ म्हणाला तर ते जास्त प्रामाणिक होईल, आणि त्यावर बोलणंही सोपं जाईल.

आता विकण्याचं. तुम्ही विकल्याने एकही वीजकेंद्र बंद पडणार नाही, तुमचं नाणं दुसरं कुणीतरी घेईल. तरीही महिन्याची खरेदी ताबडतोब थांबवा, हा माझा सल्ला. तिथे नवा पैसा जातो आणि तो थांबवायला काही गमवावंही लागत नाही. आधीचं घाईने विकू नका, पण पाचवा हिस्सा फार झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या जवळ गेलेलं बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आलं होतं. ते पुन्हा वर गेलं म्हणून सगळ्यांचं भलं झालं असं समजू नका. लोक भाव चढलेला असताना येतात आणि पडल्यावर जातात. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या संस्थेच्या २०२२च्या अभ्यासाचा अंदाज असा, की आधीच्या सात वर्षांत अ‍ॅपवरून आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक बिटकॉइनमध्ये तोट्यातच राहिले असावेत. करांचा हिशेब बघून टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि जे गेलं तर घराच्या कुठल्याही बेताला धक्का लागणार नाही, एवढ्यावर आणा. त्यापलीकडे त्याला ठेवायचंच असेल तर बचत वाटून घेऊन त्याने स्वतःच्या वाट्यातून ठेवावं. तुमच्या वाट्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी विकलं असतं.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. आकडे घेऊन बसू नका. त्याला एकच विचारा: उद्या गरिबांना बिटकॉइनचा काही उपयोग नाही असं तुला पटलं, तर तू विकशील का? आणि तोच प्रश्न उलटा स्वतःला विचारा: उद्या सगळं मायनिंग वाऱ्यावर आणि उन्हावर गेलं, तर मला हे चालेल का? तुमचं उत्तर "तरीही नाही" असं आलं, तर तुमचं दुःख कोळशाचं कमी आणि दोघांच्या पैशांचा निर्णय दोन वर्षं एकट्याने घेतला गेला याचं जास्त आहे. तसं असेल तर तेच बोला. नदी आणि हवामान त्या भांडणात ढाल म्हणून वापरलं तर दोन्हीकडचं खरं म्हणणं बाजूला राहतं.

एक गोष्ट मात्र निर्णयासाठी थांबवू नका. ती नाणी एक्स्चेंजवर (नाणी विकत घ्यायच्या-विकायच्या कंपनीकडे) आहेत की त्याच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, हे आजच विचारा. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा लाखो लोकांचे पैसे दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडले होते, म्हणून एक्स्चेंजवर असतील तर किती आणि कुठे हे लिहून घ्या. स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील तर ती उघडणारे १२ किंवा २४ शब्द असतात. ते हरवले, किंवा ते ज्याला ठाऊक आहेत त्याचं काही बरंवाईट झालं, तर जगातली कुठलीही बँक, कुठलंही कोर्ट ते पैसे काढून देऊ शकत नाही. ते शब्द कागदावर लिहिलेले असावेत, फोनमध्ये फोटो काढून ठेवलेले नसावेत, कुणालाही फोनवर सांगायचे नसतात, आणि तो कागद कुठे आहे हे तुम्हा दोघांनाही ठाऊक हवं.